मुंबईच्या गच्चीवर उसाचे चिपाड



आपल्या पत्रिकेत उसाच्या जाती, लागणीच्या तारखा, खताच्या मात्रा यांविषयी आपण नेहमीच वाचता. या वेळी मात्र मुंबईच्या उपनगरांतील कुंड्यांची आणि गच्चीवरल्या वांग्या-मिरच्यांची हकिकत सांगणार आहोत. "ज्याच्याकडे चार एकर रान आहे, त्यानं चार कुंड्यांची गोष्ट कशाला ऐकायची?" असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. त्याला आमची दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, आपल्या भागात असे घर विरळाच, ज्याचा भाऊ, पुतण्या किंवा दिली-घेतलेली लेक घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या बाजूला राहत नाही. ही मंडळी सुटीला गावी आली की परत जाताना पिशवीत कढीपत्ता आणि गवती चहाची मुळे बांधून नेतात, हे आपण पाहतोच. दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. मुंबईच्या गच्चीवरील शेती ज्या वस्तूच्या आधाराने उभी राहिली, ती वस्तू आपल्या उसाची आहे. तिचेच भाऊबंद म्हणजे पाचट, आणि त्याला आपण तोडणी झाल्यावर बांधावर उभे राहून काडी लावतो.

बारमाही गाळप

आपल्या कारखान्याचा हिशेब सर्वांना तोंडपाठ आहे. शंभर टन ऊस गव्हाणीत पडला की साधारण दहा ते बारा टन साखर, अठ्ठावीस ते तीस टन बगॅस, चारएक टन मोलॅसिस आणि तीन-चार टन प्रेसमड निघतो, बाकीचे पाणी. बगॅस बॉयलरला जातो, मोलॅसिस डिस्टिलरीला जाते, प्रेसमड पुन्हा आपल्याच रानात येतो. टाकून द्यावे असे काही उरत नाही. उरले तर संचालक मंडळाला वार्षिक सभेत जाब द्यावा लागतो!

आता मुंबईकडे बघा. त्या शहरातून रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो. म्हणजे सहा हजार टनी क्षमतेचा साखर कारखाना दिवसभरात जेवढा ऊस गाळतो, तेवढा. आपला हंगाम चार-पाच महिन्यांत आटोपतो. मुंबईचा हंगाम बाराही महिने चालतो, दिवाळी नाही की शिमगा नाही. आणि त्या ढिगात निम्म्याहून जास्त माल ओला असतो. भाजीची देठे, केळीची साले, नारळाच्या शेंड्या, चहाचा चोथा, उरलेले अन्न. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ते खतच आहे, फक्त चुकीच्या जागी पडलेले.

ते जाते कोठे? देवनारची कचराभूमी १९२७ पासून भरत आलेली आहे. बोरिवलीजवळची गोराईची कचराभूमी भरल्यावर ती शास्त्रीय पद्धतीने झाकून बंद करावी लागली. मुलुंडची २०१८ मध्ये बंद झाली आणि भार कांजूरमार्गवर आला. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या ढिगाला आग लागली. ती दिवसेंदिवस धुमसत राहिली, धूर शहरभर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

ओला कचरा पेटतो कसा, असे वाटेल. पूर्वी आपल्या प्रत्येक घरामागे उकिरडा असे. त्यात शेण, राख, पालापाचोळा पडे, कोंबड्या तो उकरीत, त्याला हवा लागे, आणि मृगाच्या आधी गाड्या भरून तो रानात जाई. देवनारचा डोंगर अनेक मजल्यांच्या इमारतीएवढा उंच. खालच्या थराला हवाच मिळत नाही. हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो, आणि तो पेट घेतो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी खाडीकडे जाते ते निराळेच. म्हणजे गावात जे सोने होते, तेच शहरात नेऊन, दाबून, आपण विष केले. वस्तू तीच, फरक हवेचा आणि हाताळणीचा.

जोशी लेनची वाट

यावर उपाय काढणारी मंडळी उपनगरांतच निघाली. घाटकोपर पूर्वेला जोशी लेन नावाची एक साधी गल्ली आहे. १९९६-९७ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांनी ठरवले की, ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्याचे गल्लीतच खत करायचे आणि गल्ली स्वच्छ ठेवायची. महापालिकेने हा नमुना उचलून धरला आणि 'प्रगत परिसर व्यवस्थापन' या नावाने अशा वस्ती-समित्यांची योजना सुरू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला 'एएलएम' म्हणतात. पुढे उपनगरांतून अशा शेकडो समित्या झाल्या. सगळ्याच टिकल्या असे नाही. जिथे दोन-चार माणसे रोज लक्ष घालत होती तिथे टिकल्या. जिथे उद्घाटनाचा नारळ फुटला आणि फोटो निघाला तेवढ्यावर भागले, तिथे विझल्या. सहकारात वाढलेल्या आपल्या सभासदांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

दुसरे नाव घ्यायचे ते स्त्री मुक्ती संघटनेचे. 'मुलगी झाली हो' हे नाटक गावोगाव नेणारी ती हीच संघटना. १९९८ पासून तिने 'परिसर विकास' या कामातून कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केले आणि त्यांना खत करणे, बाग राखणे, बायोगॅसचे संयंत्र चालवणे शिकवले. भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' हे संयंत्र स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर चालते; त्यातून गॅसही मिळतो आणि खतही. कचऱ्याच्या ढिगावर वाकून भंगार वेचणारी बाई खताचे काम जाणणारी कारागीर झाली, हे या हकिकतीतले आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक केले. २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या गृहसंकुलांना, म्हणजे २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना, आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितले. जोशी लेनने वीस वर्षे आधी आपखुशीने जे केले, ते नियमाला नंतर सुचले.

चिपाडावरची बाग

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर भाजीपाला आणि फळझाडे लावली आणि 'शहरी शेती' अनेकांना शिकवली. त्यांच्या पद्धतीतील हुकमी वस्तू म्हणजे उसाचे चिपाड.

चिपाडच का? याचे उत्तर वजनात आहे. एक घनफूट ओली माती भरते सुमारे ५० किलो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर फूटभर जाडीची माती घातली तर पाच टन ओझे झाले. म्हणजे उसाची भरलेली लहान ट्रॉली गच्चीवर नेऊन उभी करायची आणि खालच्या माणसाला म्हणायचे, झोपा निवांत! चिपाड हलके असते, पाणी धरून ठेवते, आत हवा खेळू देते आणि कुजले की स्वतःच खत होते. पिंपात, जुन्या टोपलीत किंवा जाड पिशवीत खाली चिपाड दाबून भरायचे, वर खत-मातीचा थर द्यायचा आणि त्यात रोप लावायचे. मातीचे काम थोडे, चिपाडाचे जास्त.

आणि चिपाड मुंबईत मिळते फुकट. अंधेरी असो की मुलुंड, स्टेशनबाहेर पडले की घुंगरांच्या आवाजाची रसवंती दिसतेच. पाटी बहुधा कानिफनाथाची किंवा नवनाथाची, कारण या धंद्यात सासवड-पुरंदरकडची माणसे पुष्कळ. रस ग्लासात जातो, चोथा कचऱ्याच्या गाडीत. तो गाडीत जाण्याआधी मागून घ्यायचा, एवढेच.

डॉ. दोशींच्या जोडीला दुसरे नाव आहे कोल्हापूरकडील श्रीपाद अच्युत दाभोळकरांचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठातील हे गणिताचे अध्यापक. त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. द्राक्ष बागायतदारांना तो चांगला आठवत असेल. पानाचे क्षेत्रफळ किती, त्यावर ऊन किती पडते, त्यातून किती ग्रॅम वाढ मिळाली पाहिजे, असा ते झाडाचा जमाखर्च मांडीत. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट पिकवले तर पुरतात, हे त्यांचे सांगणे. 'विपुलाच सृष्टी' या त्यांच्या पुस्तकात हा विचार आहे. २००१ मध्ये ते गेले, पण त्यांची पद्धत मुंबईच्या गच्च्यांवर पोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या सुमारे ३,००० चौरस फूट गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील आणि तेथील कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. कामगारांच्या जेवणाचा कचरा खाली न्यायची अडचण होती, ती वर नेऊन सोडवली. पुढे त्यांच्या 'अर्बन लीव्हज' या गटाने हीच रीत उपनगरांतल्या हौशी लोकांना शिकवली.

या रीतीतील 'अमृतजल' आपल्याला परके वाटणार नाही. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी. तीन दिवस झाकून ठेवायचे, दिवसातून दोन-तीनदा दोन्ही बाजूंनी ढवळायचे, चौथ्या दिवशी दसपट पाण्यात मिसळून वापरायचे. त्यात वाळला पाला आणि चिपाड दिवसभर भिजवायचे आणि मूठमूठ मातीचे थर देत फूटभर उंचीचा वाफा रचायचा. तो मुरला की त्यावर मिसळ बियाणे पेरायचे. एकविसाव्या, बेचाळिसाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी वाढलेला पाला टप्प्याटप्प्याने कापून तिथेच कुजवायचा. शेवटी हातात येते ती 'अमृतमाती'. भुसभुशीत, काळी, पावसानंतरच्या रानासारख्या वासाची. शेण मुंबईत कुठले, असे विचाराल तर आरे वसाहतीत गोठे आहेत. गोठ्यांचे शेण दहिसर आणि ओशिवरा नद्यांत वाहून जाते ही तिथली जुनी तक्रार. ते नदीऐवजी बागेत गेले तर दोघांचेही भले.

आपल्या मुंबईकरांना सांगण्याजोगे

मुंबईच्या नातलगांसाठी थोडक्यात माहिती देतो. कात्रण कापून पाठवायला हरकत नाही.

चौघांच्या घरात रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. त्याला झाकणाचे एक पिंप पुरते. पिंपाला चहूबाजूंनी आणि बुडाशी भोके पाडावीत. तळाला चिपाड किंवा वाळला पाला. त्यावर दिवसाचा ओला कचरा बारीक करून, त्यावर पुन्हा मूठ-दोन मूठ सुके. विरजण म्हणून जुने खत किंवा थोडे आंबट ताक. चार दिवसांनी एकदा खालवर करावे. मूठ दाबली असता ओल जाणवावी, पण पाणी ठिबकू नये. वास सुटला तर समजावे की पाणी जास्त आणि हवा कमी झाली. सुके घालून हलवावे. मटण-मासळी आणि तेलकट उरलेसुरले यात टाकू नये, नाहीतर घुशी पहिल्यांदा मुक्कामाला येतात. दीड-दोन महिन्यांत खत तयार.

एक सावधगिरी. कच्चे चिपाड कुजताना मातीतला नत्र ओढून घेते आणि रोप पिवळे पडते. म्हणून चिपाड आधी शेणपाण्यात मुरवावे किंवा त्यात ओला कचरा पुरेसा मिसळावा. पाचटावर आपण युरिया का टाकतो, त्याचे कारण हेच.

लावायचे काय? सुरुवात मेथी, कोथिंबीर, पुदिना, मिरची यांनी करावी. अळू सांडपाण्याच्या मोरीजवळही येते, पण खायचे अळू स्वच्छ पाण्यावरच लावावे. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या पालेभाजीबद्दल मुंबईकरांच्या मनात जी धास्ती आहे, ती उगीच नाही. ग्रिलवर चढवायला मायाळू आणि पावसाळ्यात दोडका, कारले चांगले. सोसायटीच्या मोकळ्या कडेला शेवगा आणि कढीपत्ता. टोमॅटो, पालक थंडीत. बाल्कनीला चार तास ऊन नसेल तर वांग्याचा हट्ट धरू नये. पुदिना आणि अळूवर समाधान मानावे.

पाणी जपून. मुंबईचे बरेचसे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या धरणांतून येते. शहराच्या हद्दीतली विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) ही जुनी तळी तहान भागवायला केव्हाच अपुरी पडली. तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंडीला घालावे आणि मातीवर पाल्याचे आच्छादन करावे, म्हणजे एका दिवसाचे पाणी दोन दिवस पुरते. मात्र कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि एका घरच्या हौसेपायी सगळी चाळ तापाने फणफणते. थाळी आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावी.

सोसायटीही सहकारीच

उपनगरात गच्ची एकट्याची नसते, सोसायटीची असते. इथेच बहुतेकांचे घोडे अडते. वरच्या मजल्यावरचा म्हणतो, गळती होईल. तळमजल्यावरचा म्हणतो, उंदीर येतील. सेक्रेटरी म्हणतात, नियमात बसत नाही. या तिघांवरही रागावू नये, कारण तिघांच्याही शंका खऱ्या आहेत. गच्चीचे वॉटरप्रूफिंग तपासून घ्यावे, किती वजन झेपेल ते इंजिनिअरकडून लिहून घ्यावे, पिंपे विटांवर थोडी उचलून ठेवावीत म्हणजे खालून पाणी निघून जाते आणि झाडलोट करता येते. पिंपांची जागा तुळईच्या वर, कडेला धरावी. मध्यभागी ओझे नको.

आणि एक गोष्ट विसरू नये. आपला साखर कारखाना ज्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेला आहे, त्याच कायद्याखाली मुंबईची गृहनिर्माण सोसायटी नोंदलेली असते. तिलाही भागधारक आहेत, कार्यकारी समिती आहे, वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. आपल्या घरची मुले सहकाराचे बाळकडू पिऊन तिकडे गेली आहेत. त्यांनी जिन्यात भांडण्यापेक्षा सभेत रीतसर विषय मांडावा, दोन पिंपांवर तीन महिने प्रयोग करू म्हणावे, खर्चाचा हिशेब फळ्यावर लावावा, आणि पहिल्या कोथिंबिरीची जुडी विरोध करणाऱ्याच्या घरी आधी पोचवावी. ठराव पुढल्या सभेत मंजूर होतो की नाही ते बघा!

आणि आपण?

मुंबईकरांना शहाणपण शिकवून झाले. आता आपल्या रानाकडे वळू.

एका हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. ते कुजवले तर त्यातून साधारण ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश रानाला परत मिळते, शिवाय तीन-चार टन सेंद्रिय खत. काडी लावली की सेंद्रिय भाग आणि नत्र जवळजवळ सगळाच धुरावाटे जातो. मातीतले जिवाणू भाजतात ते वेगळेच. त्यानंतर तोच शेतकरी सोसायटीचे कर्ज काढून युरियाचे पोते आणतो. मुंबईचा माणूस रसवंतीवाल्याकडून पिशवीभर चिपाड मागून, तीन मजले चढवून वर नेतो, आणि आपण टनांनी पेटवतो. यातला शेतकरी कोण, असा प्रश्न एखाद्या शाळकरी पोराने विचारला तर उत्तर देणे अवघड जाईल.

"जाळलं नाही तर खोडवा फुटत नाही," असे काही जुनेजाणते म्हणतात. फुटतो. पाचट सरीत दाबावे, बुडख्यावर पडलेले बाजूला सारावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत म्हणजे जमिनीतून जोमदार फुटवे येतात. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकावेत आणि पाणी द्यावे. तीन-चार महिन्यांत पाचट कुजते. तोवर ते आच्छादनाचे काम करते. तण दबते आणि पाण्याच्या पाळ्या वाचतात. उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन लांबले की याची किंमत कळते.

माती परीक्षणाचे कागद आपल्या घरी पडलेले असतील. त्यात 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो, तो काढून बघावा. आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल, तर टनेज का घसरते याचे उत्तर तिथेच आहे. नुसती खताची पोती वाढवून ते भरून निघणार नाही. जमिनीच्या पोटात काही कुजले पाहिजे, तरच वर काही पिकेल. घाटकोपरच्या गल्लीत आणि वांद्र्याच्या गच्चीत हाच नियम चालला, तो नदीकाठच्या काळ्या रानात चालणार नाही असे होईल का?

येत्या हंगामात प्रत्येक सभासदाने निदान एक एकर पाचट न जाळता ठेवावे. ज्यांना जिवाणू हवेत त्यांनी आपापल्या गट ऑफिसात तोडणीपूर्वी नाव नोंदवावे. शेजारच्या पट्ट्याशी तुलना व्हावी म्हणून दोन्हीकडचे पाणी, खत आणि टनेज वहीत लिहून ठेवावे. आणि घरचे कोणी मुंबईला निघाले, तर डब्याबरोबर कढीपत्त्याचे एक रोपही द्यावे.